जुन्या पद्मिनीला मडफ्लॅप लावावेत की नाही?

कोकणवाट
गाडी १९७४ ची प्रीमियर पद्मिनी, मुक्काम रत्नागिरी तालुका. पत्र्याचं काम नुकतंच पुरं झालंय. दोन्ही बाजूंच्या दारांखालच्या सिल नवीन, पुढच्या मडगार्डांचे मागचे खालचे कोपरे नवीन, बाकी पत्रा मूळचा. रंग टू-के (हार्डनर मिसळून मारतात तो), महिना झाला. टायर ५.२०-१४, क्रॉसप्लाय. पावसाळ्यात गाडी झाकून ठेवायची नाही, आठवड्यातून दोनदा तरी निघणार. रस्ता अर्धा डांबरी, अर्धा तांबड्या मातीचा.

पत्रेवाला सांगतो, चारी चाकांमागे रबराचे मडफ्लॅप लावा नाहीतर चार पावसाळ्यांत सिल पुन्हा जाईल. रंगवाला सांगतो, फ्लॅप लावलेत की गंज तिथूनच सुरू होणार. दोघंही जुने जाणते. गाडीला आत्ता फ्लॅपसाठी एकही भोक नाही. फ्लॅप लावावेत का, आणि लावायचे तर कसे? कृपया मापांसकट सांगा.

पत्रेकाम
दोघांचंही खरं आहे. पत्रेवाला बाहेरून बसणाऱ्या माराबद्दल बोलतोय आणि रंगवाला फ्लॅप अडकवायच्या जागेबद्दल.

आधी मार. पुढचं चाक जे पाणी, वाळू, खडी फेकतं ते मडगार्डच्या मागच्या खालच्या कोपऱ्यावर आणि सिलच्या पहिल्या हात-दीड हातावर आदळतं. तिथला रंग टिकल्याटिकल्यांनी उडतो, मग पत्रा उघडा पडतो. पद्मिनीला वेगळी चेसिस नाही, सगळी बॉडीच सांगाडा आहे. सिल म्हणजे दारांखालची लांब पोकळ पेटी, आणि तीच गाडीची कंबर. म्हणून तिथला गंज दिसायला बारीक असला तरी दुर्लक्ष करण्यासारखा नसतो. या माराला फ्लॅप नक्की उपयोगी.

आता अडकवण्याची जागा. बाजारात फ्लॅप बसवून देणारे चाकाच्या कमानीच्या दुमडीत थेट सेल्फ-टॅपिंग स्क्रू मारतात. या पत्र्याची जाडी एक मिलिमीटरच्या आत-बाहेर आणि ४.२ मिमीच्या स्क्रूच्या आट्यांमधलं अंतर १.४ मिमी. म्हणजे पत्र्यात धड एक आटासुद्धा बसत नाही. फ्लॅप दिवसभर फडफडतो, भोक मोठं होतं, स्क्रू ढिला होतो आणि भोकाची कच्ची कड कायम ओल्या रबराखाली राहते. रंगवाल्यांनी असेच कोपरे पाहिलेले असतात.

माझं मत: फ्लॅप लावा, बॉडीला भोक पाडू नका. काढता येतील असे क्लॅम्पवर लावा.

काळीमाती
तांबड्या मातीला वरचं सगळं लागू. पण परभणी-लातूरकडचं कोणी वाचत असेल तर थांबा. काळी माती ओली झाली की टायरला थापली जाते, चाकाबरोबर वर येते आणि फ्लॅप व टायरच्या मध्ये गच्च बसते. दोन-तीन किलोमीटर शेतरस्त्यावर गेलात की कमान पूर्ण भरलेली असते. मग टायर घासतो, आणि स्टिअरिंग वळवलं की फ्लॅप मुळासकट उपटला जातो. अँबॅसडरला १५ इंची चाकं आहेत, कमानीत हात जाईल इतकी मोकळी जागा आहे, तरी हे होतं. या भागात पुढचे फ्लॅप पावसाळ्यापुरते उतरवून ठेवणं शहाणपणाचं. मागचे राहू द्यावेत, पण टायरपासून किमान ७५ मिमी लांब.

लेस्टरकर
इथे इंग्लंडात हिवाळ्यात रस्त्यांवर खडेमीठ टाकतात, त्यामुळे जुन्या गाडीवाल्यांत हा वाद सतत चालतो. एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचं उदाहरण तुमच्या प्रश्नाला नेमकं लागू पडेल. त्या गाडीला पुढच्या मडगार्डच्या आत, चाकाच्या मागे, कारखान्यातूनच एक उभा पत्रा दिलेला असतो आणि त्याच्या कडेने रबराची पट्टी. चिखल सिलच्या तोंडाशी जाऊ नये म्हणून ती योजना. नवीन असताना उत्तम चालते. रबर कडक होऊन कड सोडली की बारीक चिखल फटीतून मागे शिरतो आणि त्या पत्र्यामागे साठून राहतो. बाहेरून पाण्याने कितीही धुवा, तिथे पाणी पोचतच नाही. मडगार्डचा खालचा कोपरा आणि सिलचं पुढचं तोंड आतून सडतं, बाहेर रंगाला फोड येतो तोवर काम झालेलं असतं.

म्हणून फ्लॅपचा विचार करण्याआधी मडगार्डच्या आत काय आहे ते बघा. मडगार्डला गंज बहुतेक वेळा आतून येतो आणि फ्लॅप फक्त बाहेरून राखतो.

पत्रेकाम
लेस्टरकरांना पूर्ण सहमत. पद्मिनीत चिखल साठायच्या ठरलेल्या जागा: हेडलाइटच्या भांड्याच्या वर आणि मागे, मडगार्डच्या मागच्या कोपऱ्यात दाराच्या खांबालगत, आणि मागच्या पाट्यांचं (लीफ स्प्रिंगचं) पुढचं टोक जिथे फ्लोअरला अडकतं त्याच्या आजूबाजूला. तिन्ही जागा फ्लॅप असो नसो, भरतातच.

साफ करायची रीत. गाडी घोड्यांवर (जॅक स्टँडवर) घ्या, चाक काढा. माती आधी भिजवा, वीसेक मिनिटं मुरू द्या. लाकडी कामटीने खरवडा, स्क्रूड्रायव्हरने नको, तो कोटिंग सोलतो. मग साध्या बागेच्या नळीने धुवा. प्रेशर वॉशर वापरलाच तर ५०-६० सेंटिमीटर लांबून, आणि हब, ब्रेक ड्रम, सस्पेन्शनच्या रबरांवर झोत धरू नका. जिथे ग्रीस निपल आहेत तिथे धुऊन झाल्यावर लगेच ग्रीस भरा म्हणजे आत शिरलेलं पाणी बाहेर पडेल. शेवटी स्क्रूड्रायव्हरची मूठ घेऊन पत्रा ठोकत जा. निरोगी पत्रा टणटणतो, सडलेला किंवा लांबी (पुट्टी) भरलेला पत्रा ठसठस वाजतो.

कोकणवाट, तुम्हाला एक नेमका प्रश्न. नवीन सिल तयार मिळाल्या की पत्रेवाल्याने शीट वाकवून केल्या? शीटच्या असतील तर खालून पाणी निचऱ्याची भोकं ठेवलीत का?

कोकणवाट
शीट वाकवून केल्यात. आत्ताच खाली झोपून टॉर्चने पाहिलं. डाव्या सिलला मागच्या टोकाशी एक भोक आहे, तेही कोटिंगने बुजलेलं. उजव्या सिलला एकही दिसत नाही.

पत्रेकाम
मग फ्लॅपचा विषय दुसऱ्या क्रमांकावर. आधी हे करा.

सिलमध्ये पाणी येतंच. दाराच्या काचेच्या रबरातून झिरपतं, कार्पेटखालून येतं, आणि बाहेरून काहीच आलं नाही तरी कोकणातल्या दमट हवेत रात्री आतला पत्रा घामेजतो. निचरा नसेल तर ते पाणी तळाशी बसून राहतं. त्यात वेल्डिंगच्या जागी आतल्या बाजूचा प्रायमर जळालेला असतो, म्हणजे आत उघडा पत्रा. अशी सिल फ्लॅप लावूनही आतून जाणार.

प्रत्येक सिलला ८ मिमीची चार भोकं. पुढच्या टोकापासून ५ सेंमीवर पहिलं, मागच्या टोकापासून ५ सेंमीवर शेवटचं, मधली दोन सारख्या अंतरावर. सिलला आत आडवे पडदे असतील तर प्रत्येक कप्प्याला निदान एक. जागा तळाच्या सर्वांत खोल रेषेवर. ती सापडत नसेल तर सिलखाली आडवी पट्टी लावून बघा. सेंटर पंच, मग ३ मिमीचं पायलट भोक, मग ८. कडेची बुरी गोल कानशीने काढा, चुंबक फिरवून आतला कीस जमेल तेवढा बाहेर घ्या. कीस आत राहिला तर पहिला गंज त्याच्यावरच येतो. भोकाच्या कडेला इपॉक्सी प्रायमरचे दोन हात, बारीक ब्रशने, मध्ये डब्यावर लिहिलेला वेळ सोडून. रेड ऑक्साइड वापरू नका, तो पाणी शोषतो.

पद्मिनीप्रेमी
एकीकडे फ्लॅपसाठी भोक पाडू नका म्हणता, दुसरीकडे सिलला आठ भोकं पाडायला सांगता. नेमकं काय धरायचं?

पत्रेकाम
रास्त शंका आहे. फरक असा की निचऱ्याचं भोक उघडं असतं, पाणी येतं आणि निघून जातं, हवा लागते, कड वाळते. फ्लॅपच्या भोकात स्क्रू असतो, वर रबर दाबलेला असतो आणि सगळं सतत हलत असतं. तिथे कड वाळतच नाही. पत्र्याला पाणी लागल्याने जेवढं नुकसान होतं त्यापेक्षा कितीतरी जास्त पाणी टिकून राहिल्याने होतं.

लेस्टरकर
भोकं पाडून झाली की सिलमध्ये कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळीत आतून फवारायचं गंजरोधक मेण. पुढे ३६० अंशांत फवारणारा नोझल असलेली एक मीटरची नळी घ्या. कार्पेटखालच्या प्लास्टिकच्या बुचांतून आत घाला, शेवटपर्यंत ढकला आणि फवारत फवारत हळू मागे ओढा. पद्मिनीएवढ्या सिलला प्रत्येकी ३०० ते ४०० मिली पुरे. नंतर गाडी थोड्या उतारावर उभी करा, अर्ध्या तासाने तोंड फिरवून पुन्हा तेवढाच वेळ. निचऱ्याच्या भोकांतून वॅक्स ठिबकायला लागलं म्हणजे तळापर्यंत पोचलं. ठिबकणं थांबलं की प्रत्येक भोकात सायकलचा स्पोक घालून ते मोकळं करा. हे विसरलात तर वॅक्सनेच भोक बुजतं आणि आधीपेक्षा वाईट स्थिती होते.

ओल्या सिलमध्ये वॅक्स मारू नका, पाणी खाली अडकतं. जुलैत तुमच्याकडे पत्रा आतून कोरडा मिळणं कठीण. आत्ता भोकं पाडा, प्रायमर लावा, पावसाळा तसाच जाऊ द्या. उघड्या भोकांनी सिल वाळती राहील. वॅक्स नोव्हेंबरात, सलग आठवडाभर कोरडं ऊन मिळाल्यावर.

गॅरेजगल्ली
आमच्याकडे सगळे जुनं इंजिन ऑइल मारतात खालून. स्वस्त पडतं आणि गंज धरत नाही.

वल्कन
कृपया मारू नका. पाट्यांच्या टोकांच्या गोल कड्यांतली बुशिंग, शॉकॲब्सॉर्बरची बुशिंग, इंजिन माउंटिंग ही नैसर्गिक रबराची असतात आणि खनिज तेलात फुगून मऊ पडतात. वापरलेल्या ऑइलमध्ये ज्वलनातून आलेली आम्लं असतात, ती पत्र्यावर नेऊन लावण्यात अर्थ नाही. ब्रेकच्या लाइनिंगवर उडालं तर ब्रेक एका बाजूला ओढतात. शिवाय पहिल्या पावसात अर्धं रस्त्यावर सांडतं आणि मागच्या दुचाकीवाल्याचं चाक घसरतं. हे शेवटचं कारण एकटंही पुरेसं आहे.

आता रबराबद्दल, कारण फ्लॅपच्या निवडीत सगळ्यात मोठी चूक तिथे होते. बरेच जण कन्व्हेयर बेल्टचा तुकडा कापून लावतात. दणकट दिसतो, भंगारात मिळतो. पण बेल्टमध्ये नायलॉनच्या कापडाचे थर असतात, तो फाटत नाही. रिव्हर्स घेताना मागचं चाक फुटपाथच्या कडेला किंवा दगडाला टेकलं की लोंबता फ्लॅप टायर आणि दगडाच्या मध्ये सापडतो. गाडी आणखी वीतभर मागे गेली की तो पूर्ण ताकदीने खाली खेचला जातो. त्या वेळी काहीतरी तुटणारच. साधा रबर असेल तर रबर फाटतो. बेल्ट असेल तर कमानीची कड वाकते, रंग तडकतो, कधी मडगार्डला मुरड पडते. फ्लॅप पत्र्यापेक्षा कमजोर असायलाच हवा.

साधी, कापड नसलेली रबर शीट घ्या. जाडी ४ मिमी, कडकपणा साधारण ६० ते ६५ शोअर. ३ मिमीची वेगात मागे उडते आणि काही अडवत नाही, ६ मिमीची जड होऊन क्लॅम्प हलवते. वरची बोल्टची भोकं गोल ठेवण्याऐवजी शीटच्या वरच्या कडेपर्यंत उघडी चीर ठेवा, ६ मिमी रुंद. जोराचा हिसका बसला तर फ्लॅप चिरेतून निसटून खाली पडतो, पत्र्याला काही होत नाही. पडलेला फ्लॅप परत लावायला दहा मिनिटं लागतात.

काळीमाती
उघड्या चिरेची कल्पना फार चांगली. पण बोल्ट ढिला झाला तर साध्या रस्त्यावरही पडेल ना?

वल्कन
साधा नट वापरलात तर पडेल. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सहज ढिला न होणारा) वापरा आणि रबराच्या मागेपुढे ३० मिमी व्यासाचे मोठे वायसर लावा म्हणजे पकड चिरेवर न राहता वायसरच्या पूर्ण चकतीवर येते. नट इतकाच आवळा की रबर वायसरखाली जेमतेम दबेल. रबर बाजूला फुगून बाहेर आलं म्हणजे जास्त झालं. नवीन रबर दबून बसतं, म्हणून १०० किलोमीटरनंतर एकदा पान्हा लावून बघा.

त्रिज्या
फ्लॅप किती खाली आणि किती मागे, यावर गणित करून पाहिलं. पाणी टायरवरून स्पर्शरेषेत सुटतं असं धरलंय, हवा आणि गुरुत्वाकर्षण सोडून दिलंय. आकडे अंदाजाचे असले तरी तुलना करता येईल. टायरची त्रिज्या ३० सेंमी, आणि चिखल कुठवर उडतो ते मोजायची जागा धुरीपासून (चाकाच्या ॲक्सलपासून) एक मीटर मागे, म्हणजे साधारण मागच्या बंपरशी.

फ्लॅप धुरीपासून ३५ सेंमी मागे, खालची कड जमिनीपासून १५ सेंमी: फ्लॅपखालून सुटणारं पाणी मागे सुमारे ५१ सेंमी उंचीपर्यंत पोचतं.
तोच फ्लॅप ५ सेंमी खाली घेतला, म्हणजे कड १० सेंमीवर: ३२ सेंमीपर्यंत.
कड १५ वरच ठेवली पण फ्लॅप ५ सेंमी मागे नेला, धुरीपासून ४० सेंमी: ४२ सेंमीपर्यंत.

यातून दोन गोष्टी निघतात. खालची कड ५ सेंमीने बदलली की परिणाम खूप बदलतो. आणि फ्लॅप टायरला जितका चिकटून तितका चांगला, ही समजूत चुकीची आहे. उंची तीच ठेवली तर थोडा मागे असलेला फ्लॅप जास्त अडवतो आणि चिखल साठायलाही जागा कमी मिळते.

गाडीखालच्या फ्लोअरला मात्र फ्लॅपचा उपयोग जवळपास शून्य. सपाट सुटणारं पाणी फ्लॅपखालूनच जातं आणि फ्लोअरवर बसतं. तिथे कोटिंग हवंच.

घाटवाला
१० सेंमीवर कड ठेवलीत तर आपल्या रस्त्यांवर रोज घासेल. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नमुन्यातला गतिरोधकच १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद आहे, आणि गावोगावचे त्याहून उंच आणि अरुंद असतात. पद्मिनीला मागे पाटे आहेत, मागे तिघं बसले आणि डिकीत सामान पडलं की शेपूट चांगलंच खाली बसतं. त्यामुळे माप रिकाम्या गाडीवर घेऊ नका. माणसं आणि सामान भरून, टायरची हवा बरोबर ठेवून, सपाट जागेवर मापा. भरलेल्या गाडीत मागे १२ ते १३ सेंमी, पुढे १५. रिकामी झाल्यावर मागचा फ्लॅप आपोआप वर जाईल, ते चालतं.

त्रिज्या
मान्य. भरलेल्या गाडीवरचंच माप धरावं.

कोकणवाट
खूप उपयोगी माहिती मिळतेय, सगळ्यांचे आभार. सिलची भोकं या रविवारी. आता क्लॅम्प कसा करायचा ते सविस्तर सांगाल का? आणि नवीन रंगावर क्लॅम्प आवळला तर रंग दबणार नाही का?

पत्रेकाम
टू-के रंग वरून दुसऱ्या दिवशी कोरडा लागतो, आतपर्यंत पूर्ण कडक व्हायला कित्येक आठवडे जातात, आणि दमट हवेत जास्तच. तुमचा महिनाच झालाय. आणखी महिनाभर क्लॅम्प लावू नका, नाहीतर त्याचा ठसा कायमचा उमटेल.

पुढच्या फ्लॅपसाठी क्लॅम्प. कमानीच्या कडेला पत्रा आतल्या बाजूला दुमडलेला असतो. त्या दुमडीची रुंदी आधी मोजा, गाडीगाडीत फरक असतो, आणि दुरुस्त केलेल्या मडगार्डांत तर डावी-उजवीही वेगळी निघते. २५ बाय ३ मिमीची लोखंडी पट्टी घ्या. तिचा इंग्रजी यू अक्षरासारखा छोटा चिमटा वाकवा. एक पाय दुमडीच्या वर, एक खाली, आतल्या पायाला एम-५ चा नट वेल्ड केलेला. बोल्ट आवळला की चिमटा दुमड धरतो. बोल्टचं टोक पत्र्याला थेट टेकू देऊ नका, मध्ये पट्टीचा छोटा सपाट तुकडा ठेवा, म्हणजे दाब एका बिंदूवर न येता पसरतो. एका फ्लॅपला असे दोन चिमटे बाहेरच्या कडेला. आणि तिसरा आधार आतल्या बाजूला हवा, नाहीतर फ्लॅप वेगात मागे वळून निरुपयोगी होतो. तिसरा आधार म्हणून आतल्या बाजूला आधीच असलेला एखादा बोल्ट शोधा, त्याच्याखाली पट्टी घाला. स्टिअरिंग, सस्पेन्शन किंवा ब्रेकच्या बोल्टला हात लावायचा नाही.

मागे बंपरच्या ब्रॅकेटचे बोल्ट उपयोगी पडतात. तिथून ३० बाय ५ ची पट्टी चाकामागे आणा. २५ बाय ३ इथे चालत नाही, लांबी जास्त असल्याने थरथरते आणि वाकवलेल्या जागी तडा जातो. पट्ट्या पूर्ण वाकवून, भोकं पाडून, मग झिंक प्लेटिंग करून घ्या. प्लेटिंगनंतर भोक पाडलंत तर तिथून गंजेल.

वल्कन
चिमटा आणि रंगाच्या मध्ये लोक सायकलच्या ट्यूबची पट्टी घालतात. ती रंगाला ओरखड्यापासून वाचवते, पण स्पंजासारखी कडेने पाणी धरते. त्याऐवजी रंगावर लावतात ती पारदर्शक पीपीएफ फिल्म दुमडीवर दोन्ही बाजूंनी चिकटवा, चिमट्यापेक्षा चारी बाजूंनी १० मिमी मोठी. वरून चिमट्याच्या आत वॅक्सचा जाड थर. आवळल्यावर जे वॅक्स बाहेर येईल ते पुसू नका.

पद्मिनीप्रेमी
बोल्ट स्टेनलेसचे घेतले तर साध्या पत्र्याला जास्त गंज लागतो असं ऐकलंय. दोन वेगळे धातू एकत्र आले की.

वल्कन
तत्त्व खरं आहे, इथे त्याचा त्रास कमी आहे. बोल्ट बारीक आणि पत्रा मोठा असेल तर पत्र्याचा क्षय हळू होतो. उलट केलंत, म्हणजे मोठ्या स्टेनलेस पट्टीला साधे लोखंडी बोल्ट लावलेत, तर ते बोल्ट झपाट्याने जातात. समुद्राजवळच्या खाऱ्या हवेत ३१६ ग्रेडचे बोल्ट घ्या, आट्यांना ग्रीस लावा, आणि बोल्ट जिथे टेकतो तिथला रंग शाबूत ठेवा. रंग शाबूत तर धातू एकमेकांना लागतच नाहीत.

मूळरूप
एक वेगळा मुद्दा, गाडी १९७४ ची आहे म्हणून. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पुरी झालेल्या गाड्यांना २०२१ च्या दुरुस्तीनंतर केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. नोंदणी क्रमांकात व्हीए ही अक्षरं येतात, नवीन नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी, चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरबदल नको. क्लॅम्पवरचे फ्लॅप तपासणीच्या आधी अर्ध्या तासात उतरतात, मागे काही खूण राहत नाही. स्क्रूची भोकं म्हणजे मोठा फेरबदल असं मी म्हणणार नाही, पण मूळ पत्र्याला ज्या खुणा नव्हत्या त्या कशाला कराव्यात?

आणि हेही ध्यानात घ्या: त्या नोंदणीवर गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं अशा कामांपुरतीच. आठवड्यातून दोनदा पावसात फिरवायची असेल तर साधी नोंदणीच ठेवा आणि दर पाच वर्षांनी नूतनीकरण करत राहा.

कोकणवाट
साधी नोंदणीच ठेवणार आहे, गाडी चालती हवी. क्लॅम्पचा निर्णय मात्र यामुळे आणखी पक्का झाला. फ्लॅपची रुंदी किती घ्यायची?

पत्रेकाम
टायरच्या रुंदीपेक्षा दोन्ही बाजूंना २० ते २५ मिमी जास्त. पण बाहेरची कड मडगार्डच्या रेषेबाहेर येऊ देऊ नका, वाईट दिसतं आणि बाजूने जाणाऱ्याच्या पायाला लागतं. आधी पुठ्ठ्याचा नमुना कापा. सुतळीने बांधा आणि हे तपासा: स्टिअरिंग डावीकडे शेवटपर्यंत, उजवीकडे शेवटपर्यंत, दोन्ही वेळा टायर आणि पुठ्ठ्यात ४५ ते ५० मिमी अंतर. मग जॅक खालच्या आर्मखाली लावून चाक वर दाबा, म्हणजे खड्ड्यात स्प्रिंग दबल्यावर काय होईल ते कळतं, आणि त्या स्थितीत पुन्हा दोन्हीकडे वळवा. मागे चौघं बसवून बघा. सायलेन्सरच्या शेपटीच्या बाजूचा फ्लॅप पाइपपासून ७५ मिमी तरी लांब हवा, नाहीतर उष्णतेने रबर कडक होऊन चिरा पडतात. पुठ्ठा सगळीकडे मोकळा राहिला की मगच रबर कापा.

डावा आणि उजवा नमुना वेगवेगळा घ्या. एकाच नमुन्यावर दोन्ही कापले की दुरुस्त केलेल्या गाडीत एक हमखास चुकतो.

लेस्टरकर
फ्लोअरच्या कोटिंगबद्दल त्रिज्यांनी लिहिलं त्याला एक जोड. जुन्या गंजावर डांबरी अंडरकोट मारू नका. वरून काळं आणि नीटनेटकं दिसतं, पण दोन-तीन वर्षांत त्याला केसाएवढ्या चिरा पडतात, पाणी आत जातं आणि बाहेर येत नाही. पत्रा त्या काळ्या सालीच्या आत कागदासारखा होतो. गंज पूर्ण घासून, इपॉक्सी प्रायमर, सांध्यांना सीलर, मग पातळ कोटिंग आणि वर दरवर्षी वॅक्स. पारदर्शक किंवा फिकट वॅक्स असेल तर पत्रा दिसत राहतो, तेच मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

काळीमाती
फ्लॅप लावल्यावर देखभाल काय?

पत्रेकाम
पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी फ्लॅपच्या मागे नळीने पाणी मारून चिकटलेली माती काढा. चिमट्याचे बोल्ट हाताने हलवून बघा. सिलची भोकं स्पोकने मोकळी करा, हे विसरू नका, तांबडी माती त्यांत पहिल्याच आठवड्यात बसते. दसऱ्याला गाडी पूजेसाठी धुता तेव्हा फ्लॅप आणि चिमटे पूर्ण उतरवा. फिल्म उचकटली असेल तर काढून नवीन लावा, खालचा रंग पाहा. टिकली उडाली असेल तर तिथेच प्रायमर आणि रंगाचा ठिपका. एप्रिलपर्यंत फ्लॅपशिवाय चालवा, मेच्या शेवटी परत चढवा.

कोकणवाट
रविवारचं काम झालं. डाव्या सिलचं बुजलेलं भोक उघडल्याबरोबर अर्धा कपभर तांबूस पाणी आलं. उजव्या सिलचं मागून दुसरं भोक पाडताना ड्रिलच्या खाचांतूनच ओघळ सुरू झाला, तो जवळपास दहा मिनिटं चालू होता. पुढच्या दोन भोकांतून काही आलं नाही, म्हणजे बहुधा मध्ये आडवा पडदा आहे. प्रायमरचे दोन्ही हात झाले. फ्लॅप ऑगस्टच्या अखेरीस, पुठ्ठ्याचे चार नमुने कापून ठेवलेत.

पत्रेकाम
पडदा आहे तर वॅक्सची नळी एका बाजूने शेवटपर्यंत जाणार नाही. नोव्हेंबरात दोन्ही कप्प्यांत वेगवेगळी घाला. पुढच्या कप्प्यात वरून बुचाची वाट नसेल तर सगळ्यांत पुढच्या निचऱ्याच्या भोकातून नळी वर चढवा. ८ मिमीत ती जाते, फक्त नोझलचं डोकं किती जाड आहे ते विकत घ्यायच्या आधी मोजा.